इन्स्टावरचं अर्धं गाऱ्हाणं

बाळा घाडी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की जोगेश्वरीतल्या त्यांच्या मजल्यावरचे टीव्ही आपोआप बंद व्हायचे. कोणाचं लग्न असो, कोणाची नवी रिक्षा असो, देवापुढे नारळ ठेवायचा आणि बाळाकाकांना हाक मारायची. आवाज असा की समोरचे शहाभाईसुद्धा दारातून "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळे. बाप गिरणीत होता, बाळांनी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जन्म काढला, पण गाऱ्हाणं दोघांचं एकच. आणि रीतही एकच. आधी देवाला अडचण सांगायची, मग ती दूर कर म्हणायचं, आणि नारळ फुटेपर्यंत मध्ये थांबायचं नाही. खोकला आला तर गिळायचा, पण थांबायचं नाही!

अशा माणसाची सख्खी थोरली बहीण, घाटकोपरची शेवंती, चार दिवस झाले त्याचा फोन उचलत नव्हती.

बाळांना काही म्हणजे काही कळेना. रविवारी तर त्यांनी तिच्याच लेकीसाठी, नीलमसाठी, गाऱ्हाणं घातलं होतं. नीलमला आठवा महिना. आधी दोनदा दिवस राहून काही हाती लागलं नव्हतं, म्हणून यावेळी सगळ्यांचाच जीव टांगणीला. शेवंती स्वतः पदर पसरून बसली होती, डोळे पुसत घरी गेली होती. मंगळवारी नीलमचं ब्लडप्रेशर वाढलं आणि तिला हॉस्पिटलात ठेवलं, हे बाळांना कळलं ते भाच्याकडून, विकीकडून. बहिणीने सांगितलं नाही.

"माझा काय चुकला गो?" त्यांनी सुनेला विचारलं.

सून श्रुतिका घरबसल्या चार-पाच दुकानांची पेजं सांभाळायची. केकवाली, ब्लाऊजवाली, एक दातांचा डॉक्टर. त्याच झपाट्यात तिने गाववाल्यांच्या मंडळाचंही पेज काढलं होतं आणि रविवारचं गाऱ्हाणं मोबाईलवर घेतलं होतं. पोरगी गुणाची, हात चालता, पण तोंड त्याहून चालतं.

"तुमचं काय चुकणार बाबा? तुम्ही तर हिट आहात! हे बघा." तिने फेसबुक उघडून दिलं.

फेसबुकवर बाळांचा फोटो होता, आणि खाली गिरणी, बाप, लाल मातीचं अंगण असं डोळ्यांत पाणी आणणारं बरंच काही. ते अंगण बाळांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या गावच्या घराला ओटा होता. पण खाली लोक "झकास बाळाकाका" म्हणत होते.

"ह्यात गाऱ्हाणा खंय?"

"फेसबुकला आठवणी लागतात बाबा. वयस्कर माणसं असतात ना तिथे. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता नारळाचा फोटो टाकलाय, शुभ सकाळ लिहून. यूट्यूबला अख्खं टाकलंय, तिथले लोक निवांत असतात."

बाळांचं डोकं गरगरलं. आपण एकदाच उभे राहिलो, एकच नारळ फोडला, आणि हे इतके बाळा घाडी कुठून निघाले? एक गिरणीचं रडतोय, एक शुभ सकाळ करतोय. देवाने ह्यातला कुठला ऐकला असेल?

"अख्खा किती जणांनी बघितला?"

श्रुतिका जरा घुटमळली. "अकरा. पण इन्स्टावर विचारूच नका! तिथे सगळ्यांना घाई. पहिल्या झटक्यात माणूस थांबला पाहिजे, नाहीतर गेला पुढे. म्हणून मी सगळ्यात जोरदार वाक्य उचललं." आणि तिने रील लावलं.

पडद्यावर बाळा घाडी हात जोडून उभे. खाली नीलम, मान खाली घालून बसलेली. मागे कसलासा ढोल.

"हिची ओटी दोनदा भरली आणि दोनदा रिती झाली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर गरजलं.

संपलं. आणि पुन्हा तेच. ओटी रिती झाली म्हाराजा. व्हय म्हाराजा. पुन्हा. बाळा वाट बघत राहिले. आता पुढचं येईल, आता येईल.

"पुढचा खंय हा?"

"एवढंच आहे बाबा. ते आपोआप परत लागतं."

"बंद कर! बंद कर आधी! अगो, अडचण सांगून सोडून दिलंस? वर सगळ्यांकडसून व्हय म्हणून घेतलंस? ह्येका काय म्हणतत ठाऊक आसा? शाप म्हणतत!"

श्रुतिकाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने रील काढून टाकलं खरं, पण ते कोणाकोणाच्या पानावर जाऊन बसलं होतं देव जाणे. "मला खरंच नाही कळलं बाबा. मला वाटलं, तोच भाग भारी आहे." आणि ती रडायलाच लागली. बाळांना तिचा रागही आला आणि दयाही आली. त्यांनी सदरा चढवला, पिशवीत नारळ टाकला आणि म्हणाले, "चल."

घाटकोपरला शेवंतीने दार उघडलं, पण उंबरठ्यावरून हलली नाही. डोळे सुजलेले, हातात मोबाईल.

"आक्का, माझा ऐक..."

"मी चार दिस धरून ऐकतंयच आसय रे मेल्या!" ती कडाडली. "कितीदा लावलंय. म्हटला, आता पुढचा म्हणशीत, आता म्हणशीत. तू म्हणतच नाय! पोरगी थंय हॉस्पिटलात तास तास ताच बघीत पडली हा. माका विचारता, आये, मामा मधीच थांबलो कशाक?"

बाळांना उभ्या उभ्या हुंदका आला. मी थांबलो नव्हतो, हे कुठून सांगायचं? श्रुतिका पुढे झाली, शेवंतीच्या पायांशी वाकली. "आत्या, मी कापलं. बाबांनी नाही."

मोबाईलमधलं बोलणं कोण कापणार आणि कसं, हे शेवंतीच्या डोक्यात शिरेना. पण तिने नीलमला फोन लावला आणि तो भावापुढे धरला. "म्हण आता. पुढचा म्हण."

बाळांनी तोंड उघडलं आणि शब्दच सापडेना. गाऱ्हाणं मधूनच असं कधी म्हटलंय का कोणी? "पयल्यापासून म्हणूक लागतला आक्का," ते ओशाळून म्हणाले. "ता वाक्यही येतला."

"येवंदे. पण थांबू नको."

दारातच, चपला काढून, ते उभे राहिले. बा देवा म्हाराजा... ओटी रिती झाली तिथे आवाज चिरकला. व्हय कोणीच म्हटलं नाही. शेवंतीने ओठ घट्ट मिटून घेतले होते. बाळा थांबले नाहीत.

"तर म्हाराजा, जा काय वाकडा नाकडा आसात ता सरळ कर! आणि ह्या खेपेक मायलेकरां सुखरूप घराक येवंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेवंती म्हणाली, श्रुतिका म्हणाली, शेजारच्या दारातली बाईही म्हणाली. बाळांनी उंबऱ्याबाहेर नारळ फोडला.

फोनमधून नीलमचा बारीक आवाज आला. "व्हय म्हाराजा." आणि जरा थांबून, "मामा, शेवटचं तेवढंच परत म्हणा ना."

बाळांनी परत म्हटलं. तिने परत मागितलं. शेवंती दारातच खाली बसली, फोन भावाच्या तोंडाशी धरून, आणि बाळा घाडी तेवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.