भिंतीवरचा कार्टर आणि मी

मित्रांनो, वडूजजवळच्या एका वाडीतलं, शेंगा फोडायचं एक जुनं यंत्र तुमच्याशी बोलतंय. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. शेजारच्या कडबा कापायच्या अडकित्त्यावर जळलो, घरच्या सुनेच्या, अंजनाच्या शिवणयंत्रावर जळलो. पण सगळ्यांत जास्त जळलो तो अमेरिकेच्या अध्यक्षावर. हसू नका. सगळं ऐकून घ्या, मग हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म सांगलीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, चार पाय, खाली जाळी आणि वर पुढेमागे ढकलायचा लांब दांडा. वरून शेंगा ओतायच्या आणि दांडा हलवायचा, की दाणे आणि टरफलं जाळीतून खाली पडतात. ती सुपाने पाखडली की काम झालं. शहरातल्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. पण जिने अंगठ्याने पोतंभर शेंगा फोडल्या आहेत, त्या बाईला माझी किंमत विचारा.

मला विकत घेतलं वाडीतल्या नाथाजीने. एकाहत्तर साल होतं. त्याने मला एसटीच्या टपावर बांधून वडूजला आणलं आणि तिथून बैलगाडीने वाडीत. घराच्या पुढच्या सोप्यात मला मांडलं तेव्हा सगळी आळी बघायला जमली होती. बायकांनी दांड्याला हात लावून पाहिला. नाथाजी म्हणाला, "हे एकट्याचं न्हाई. ज्याच्या शेंगा निघतील त्यानं यावं आन् फोडून न्याव्यात. भाडं न्हाई. टरफलं तेवढी आमच्या चुलीला ऱ्हाऊ द्या." तेव्हापासून भुईमूग निघाला की आमच्या सोप्यात जत्रा भरायची. एक बाई शेंगा ओतायची, दुसरी दांडा ओढायची, तिसरी पाखडत बसायची, आणि तिघींची तोंडं चालू असायची. आळीतल्या कुठल्या घरात काय शिजतंय ते मला सगळ्यांच्या आधी कळायचं.

नाथाजीचा मुलगा सयाजी तेव्हा फौजेत होता. रजेवर आला की ट्रंक खाली ठेवायच्या आधी तो माझ्या दांड्यावर थाप मारायचा. ती थाप मी वर्षभर आठवत असे. मग पंचाहत्तर साली नाथाजी गेला. तार मिळाली आणि सयाजी आला तो कायमचाच. घरात म्हातारी आई बनुबाई, बायको अंजना आणि रानाला दुसरं कुणी नाही, म्हणून त्याने फौज सोडली. सोडली खरी, पण मनातून सोडली नव्हती. तो सोप्यात बसून फौजेतले बूट घासत राहायचा. घासून चकचकीत करायचा आणि परत ट्रंकेत ठेवायचा. रानाकडे जायला त्याला दुपार व्हायची. बनुबाई म्हणायची, "सया, भुईमुगाला खुरपणी बूट घालून करत्यात व्हय रं?" तो बुटावर आणखी एकदा फडकं मारायचा.

अशात शहात्तर साल संपत आलं. बाळासो म्हणजे सयाजीचा मित्र. त्याचं वडूजला केस कापायचं दुकान. गिऱ्हाइकांनी वाचून चुरगळलेलं वर्तमानपत्र तो संध्याकाळी घरी आणायचा. त्या दिवशी तो घाईने आमच्याकडे आला.

"सया, ऐक. अमेरिकेनं अध्यक्ष निवडलाय. त्येचा धंदा काय म्हाईत हाय का? भुईमूग."

"गप रं गड्या. चेष्टा करतूस व्हय?"

"चेष्टा कशाला? छापून आलंय, हे बघ. जिमी कार्टर नाव हाय."

बाळासोने सगळं वाचून दाखवलं. लहानशा गावातला शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी घरात वीज नव्हती. गावच्या रस्त्यावर उकडलेल्या शेंगा विकायचा. पुढे शिकून आरमारात गेला, पाण्याखालून चालणाऱ्या बोटीवर अधिकारी झाला. मग वडील वारले आणि हा चांगली नोकरी सोडून शेंगांच्या धंद्यात परत आला. पहिल्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि हातात काही उरलं नाही. बायकोने हिशेब सांभाळले. हळूहळू धंदा वाढला. मग शाळेच्या मंडळावर गेला, राज्याच्या सभागृहात गेला, राज्याचा प्रमुख व्हायला उभा राहिला तेव्हा पहिल्यांदा पडला, दुसऱ्यांदा निवडून आला, आणि आता सगळ्या देशाचा अध्यक्ष.

सयाजीने वर्तमानपत्र हातात घेतलं. मग म्हणाला, "बा गेल्यावर नोकरी सोडून आला?"

"व्हय."

"आन् पयल्याच सालाला पाऊस न्हाई?"

"तसंच लिवलंय बाबा."

सयाजीने अंजनाला पिठाची खळ करायला सांगितली आणि कार्टरचा वर्तमानपत्रातला फोटो कापून बरोबर माझ्या डोक्यावर, भिंतीला चिकटवला. बनुबाईने जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाली, "दात लय हायती गं बया ह्येला."

माझ्या दुखण्याला सुरुवात झाली ती तेव्हापासून. खरं तर तो माझ्याच धंद्यातला माणूस. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, याने आयुष्यात किती शेंगा फोडल्या असतील? मी अख्ख्या आळीच्या फोडल्या. माझा फोटो कुठल्या वर्तमानपत्रात आला? आणि सगळ्यांत लागलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी सयाजी पहाटेच उठला, फोटोकडे एकदा बघितलं आणि रानात गेला. बूट ट्रंकेतच राहिले. त्याच्या बापाने ज्या यंत्रावर जीव लावला, ते यंत्र वर्षभर त्याच्यासमोर उभं होतं. त्याला रानाकडे वळवलं ते मात्र सातासमुद्रापलीकडच्या एका कागदाने. आता तो माझा दांडा ओढायचा तेव्हाही नजर वर असायची. मी मुद्दाम जास्त खडखडाट करायचो. त्याने तेल घातलं, पण बघितलं नाही.

खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा असते. वर्षानुवर्षं पहिला झेंडूचा हार माझा. त्या वर्षी सयाजीने पहिला हार फोटोवर चढवला. मी आतल्या आत धुमसत होतो. तेवढ्यात बनुबाई आली आणि तिने हार ओढून काढला. "जित्या माणसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय? तिकडं त्येची बायकापोरं असतील." मग तो हार माझ्या गळ्यात आला. उतरलेला का होईना, पण मी तो दिवाळीपर्यंत सुकू दिला नाही असं मला वाटतं.

पुढे अठ्ठ्याहत्तर सालच्या सुरुवातीला बाळासोने बातमी आणली की कार्टरसाहेब हिंदुस्थानात येऊन गेले, दिल्लीजवळच्या एका खेड्यातही गेले. बनुबाईने विचारलं, "वडूजला आला न्हाई व्हय?" सगळे हसले. मी हसलो नाही. कारण, मित्रांनो, मीही तीच वाट बघत होतो. तो आमच्या सोप्यात आला असता तर त्याने भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडे बघितलं नसतं. शेंगांतला माणूस आहे, त्याने आधी माझी जाळी वाकून बघितली असती. ते सयाजीला दिसायला हवं होतं.

त्याच वर्षी सुगीत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सयाजी उभा राहिला. शेंगा विकणारा माणूस देश चालवतो, तर मी आळी चालवू शकत नाही का, असं तो म्हणायचा. समोर आकाराम होता. आकारामची थोरली बहीण रंगुबाई विधवा, आमच्या घराला लागूनच राहायची. नाथाजीच्या वेळेपासून ती माझ्याकडे शेंगा फोडायला यायची, आणि दांडा ओढताना माझ्याशी बैलाशी बोलावं तसं बोलायची. तिच्या हातचा दांडा मला फार आवडायचा.

सयाजीला निवडून यायची इतकी घाई झाली की त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. आमच्याकडे देवाचा भंडारा उचलून शपथ घेतात. चिमूटभर हळद हातात घेऊन दिलेला शब्द कुणी मोडत नाही. सयाजीने सोप्याच्या दाराला कुलूप घातलं आणि दारात भंडाऱ्याची वाटी ठेवली. ज्याला शेंगा फोडायच्या त्याने आधी भंडारा उचलायचा, मत सयाजीला देईन म्हणायचं, मग तो कुलूप काढून आत घेणार. त्याने मला लाल रंग दिला, दांड्याला कुंकू लावलं, आणि आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही आपली खरी ताकद हाय." खोटं कशाला सांगू, मी फुगलो. भिंतीवरचा, दात काढून हसणारा साहेब त्या दिवशी मला फिका वाटला.

सकाळी दारासमोर पोती घेऊन रांग लागली. पहिल्या दोघांनी भंडारा उचलला आणि शेंगा फोडून गेले. तिसरी रंगुबाई होती. डोक्यावरचं पोतं तिने खाली ठेवलं आणि वाटीकडे बघितलं.

"सया, हे काय काढलंस?"

"काकी, नुसता भंडारा उचला आन् आत या."

"आकाराम माझ्या पाठचा हाय. त्येच्याबिगर दुसऱ्याला मत देते म्हणून भंडारा उचलू? खोटा भंडारा मी उचलत न्हाई बाबा."

"मग शेंगा न्हाई फुटायच्या हितं."

ती वाकली. पोतं परत डोक्यावर घ्यायला लागली, ते तिला एकटीला पेलेना. तिच्या मागे उभ्या असलेल्या चंद्राबाईने हात दिला. पोतं चढवून दिलं आणि मग स्वतःचंही उचललं. तिच्या मागची बाई निघाली, तिच्या मागचा म्हातारा निघाला. बघता बघता दार रिकामं झालं. बनुबाई आतून आली. वाटी मुलापुढे धरून म्हणाली, "माझंबी मत हाय. मलाबी उचलाय लाव." सयाजीने मान खाली घातली, पण कुलूप काढलं नाही. निवडणुकीपर्यंत तो हट्टाला पेटला होता. भिंतीपलीकडून मला दिवसभर आवाज यायचा, एक एक शेंग अंगठ्याखाली फुटल्याचा. माझी जाळी कोरडी होती.

सयाजी पडला. चांगलाच पडला. बाळासो समजूत घालायला आला. "कार्टरबी पयल्यांदा पडलावता की रं."

सयाजी म्हणाला, "व्हय. पण त्यो कुणाच्या शेंगा अडवून पडला न्हवता."

मग त्याने कुलूप काढलं, बाळासोला एका बाजूने धरायला लावलं, आणि दोघांनी मला सोप्यातून उचलून रंगुबाईच्या दारापुढच्या चिंचेखाली आणून ठेवलं. सयाजीने तिच्या उंबऱ्याशी उभं राहून हाक मारली.

"काकी, यंत्र भायेर ठिवलंय. शेंगा आणा."

ती दारात आली. दोन्ही अंगठ्यांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. "झाल्या फोडून," म्हणाली.

"फुडल्या सालाला?"

"फुडचं फुडं."

त्या वर्षी माझ्याकडे कुणीच आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मी भिजलो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. लाल रंगाचे पोपडे निघाले, जाळीत गंज धरला. अंजना अधूनमधून येऊन तेलाचं बोट लावायची, एवढाच काय तो माणसाचा हात. तो फोटो मात्र आत छपराखाली कोरडा, हसत. मला त्याचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. चूक सयाजीची, आणि उन्हापावसात मी.

एकोणऐंशीचा भुईमूग निघाला. सयाजी रोज सकाळी येऊन माझी जाळी साफ करायचा, आळीकडे बघायचा आणि परत जायचा. त्याने कुणाला बोलावलं नाही. बोलावायला तोंड नव्हतं. एका दुपारी रंगुबाई दारातून पोतं ओढत आली. मला तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. "पार वाळलास की रं," असं मलाच म्हणाली. शेंगा ओतल्या आणि दांडा धरला. तिच्या अंगठ्यांची नखं अजून काळी होती. तिने जोर लावला, पण दांड्याचा सांधा गंजला होता, मी हललो नाही. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न करत होतो. सयाजी आमच्या दारात उभा राहून सगळं बघत होता. त्याची पुढे यायची हिंमत होत नव्हती.

रंगुबाईने वळून बघितलं. "सया, नुसता बघत काय हुबा ऱ्हायलास? दांडा धर. माझ्या एकटीनं ह्यो हालत न्हाई."

तो जवळजवळ पळतच आला. एका बाजूला तिने धरला, दुसऱ्या बाजूला त्याने. मी करकरलो, अडलो, आणि मग सुटलो. दाणे खाली पडायला लागले. सयाजी दांडा ओढत होता आणि माझ्याकडे बघत होता. वर बघायला तिथे भिंतच नव्हती. दिवस कलेपर्यंत चंद्राबाईही आपलं पोतं घेऊन आली.

तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं यंत्र असेल तर त्याला तेलपाणी करा. शेजाऱ्याने मागितलं तर द्या, आणि देताना त्याच्या हातावर काही ठेवून शब्द मागू नका. माणसं फिरकली नाहीत की आमचं लोखंड फार लवकर जातं.

कालच बाळासो सांगत होता, येत्या साली अमेरिकेत परत निवडणूक आहे. कार्टरसाहेबाला पुन्हा लोकांपुढे उभं राहावं लागणार. लोक त्याला परत घेतात की नाही, कोण जाणे. मला रंगुबाईने घेतलं.