उभ्या गाडीची बॅटरी

फेब्रुवारीत आण्णांना आकडी आली ती गाडी चालवताना नाही, आमटीभात खाताना. तरी शिक्षा गाडीला झाली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आण्णांनी डॉक्टरांच्याच टेबलावरचं कॅलेंडर उचललं आणि बोटाने मोजत ऑगस्टवर येऊन थांबले.

आण्णा माझे सासरे. चौतीस वर्षं मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, त्यामुळे जगातली कुठलीही बिघडलेली वस्तू दुसऱ्याने बिघडवलेली असते असं त्यांचं मत आहे. त्यांचा मुलगा विनीत बेंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणाला, आत्ताच विकून टाकू. आण्णांनी जेवण सोडलं. तीन दिवसांनी तह झाला. राखीपौर्णिमेला विनीत येणार. त्या दिवशी गाडी पहिल्या चावीत स्टार्ट झाली तर राहील, नाही झाली तर विनीतने शोधलेलं गिऱ्हाईक ती त्याच संध्याकाळी टो करून नेईल. तोपर्यंत बॅटरी सांभाळायची कोणी? तह झाला तेव्हा मी खोलीत होतो, एवढाच माझा दोष.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. मला गाडी चालवता येत नाही. पण हेंद्रेपाड्यातल्या एकाच सोसायटीत ए विंगला आम्ही आणि बी विंगला सासुरवाडी, आणि न्यूट्रलमध्ये चावी फिरवायला लायसन लागत नाही. आण्णा स्वतः हात लावायला तयार नव्हते. "मी बॉनेट उघडलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा निघाला."

चार्जर लावून ठेवावा म्हणून मी चेअरमन धर्मराज म्हात्र्यांकडे पार्किंगमधल्या सॉकेटसाठी अर्ज केला. कुठल्याशा शहरात स्कूटर चार्जिंगला असताना पेटली, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर आल्यापासून कमिटीने पार्किंगमधल्या सगळ्या सॉकेटांना काळ्या टेपची पट्टी मारली होती.

"सर, आज तुमची बॅटरी, उद्या कोणाचा फ्रीज," म्हात्रे म्हणाले.

"पार्किंगमध्ये फ्रीज कोण लावेल?"

"तेच तर. नियम नसता तर लावला असता."

चौथ्या मजल्यावरून वायर सोडू का, असंही विचारलं. ते हवाई अतिक्रमणात बसतं, असं कळलं.

मग रविवारचे कार्यक्रम सुरू झाले. मी गाडी स्टार्ट करायची, विनीतने व्हिडिओ कॉलवर बघायचं. "भावोजी, लाइट दाखवा. आता वायपर. एसी लावा. हॉर्न?" हॉर्न वाजवला की बी विंगमधून तीन खिडक्या उघडायच्या. दहा मिनिटांनी बंद. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी गाडी फक्त टकटक म्हणाली आणि गप्प झाली.

कॉलेजच्या रस्त्यावर टेकचंदभाईंचं बॅटरीचं दुकान आहे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"साईं, तुम्ही चार्ज नाही करत होता. हर संडे पेशंटला उठवून कवायत करवत होता. दहा मिनिटांत इंजिन जेवढं भरतं त्याच्यापेक्षा जास्त तर तुमचा साला खाऊन जातो. लाइट, वायपर, एसी."

बॅटरी त्यांनी दुकानात भरून दिली आणि अर्ध्या कॅरम बोर्डाएवढं एक सोलर पॅनल हातात ठेवलं. त्याची वायर गाडीत मोबाइल चार्जर लावतात त्या सॉकेटमध्ये खुपसायची, बाकी सूर्य बघून घेईल. सोबत मल्टीमीटर घेतला. साडेबाराच्या वर व्होल्ट म्हणजे तब्येत उत्तम, बाराच्या खाली म्हणजे नातेवाइकांना कळवा.

मी पॅनल काचेमागे ठेवलं. भर उन्हाळ्यात तीन आठवडे व्होल्ट रोज थोडे उतरत गेले. शेवटी आण्णांना विचारलं.

"चावी काढली की ते सॉकेट मरतं," ते पेपरमधून मान न काढता म्हणाले. "त्यातून वीज बाहेर येत नाही, तशी आतही जात नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं तुम्हालाही माहीत असेल. शिकलेले आहात."

मग चिमट्यांनी वायर थेट बॅटरीला जोडली. सासूबाईंनी, म्हणजे भागीरथीबाईंनी, गाडीला एक चंदेरी कव्हर आणलं होतं. ड्रायव्हरच्या दाराशी चेन असलेलं. त्या कव्हरावर, टपावर, पॅनल दोरीने बांधलं. गाडी एखाद्या पेशंटसारखी दिसू लागली, पण मे संपेपर्यंत मीटर बारा पूर्णांक सातवर गेला. मी तो आकडा बायकोला, किर्तीला, दाखवला. ती म्हणाली, "माझ्या आईच्या शुगरचं एवढं कधी लिहून ठेवलं असतंस तर."

जूनपासून पुन्हा घसरण. आधी ढगांवर संशय घेतला. पण वहीत सकाळ-संध्याकाळचे आकडे होते आणि त्यांचं काही जुळेना. रात्रभर बॅटरी जागच्या जागी राहायची. खाली यायची ती दिवसा, मी कॉलेजात असताना. म्हणजे सूर्य असताना उतरायची आणि नसताना टिकायची. राज्यशास्त्रात अशा गोष्टी चालतात, विजेत चालत नसाव्यात.

"पॅनल उलटी वीज खात असेल," आण्णा म्हणाले. "ती अडवणारा डायोड बदला."

बदलला. दुसऱ्या दिवशी व्होल्ट आणखी खाली.

"आतला दिवा बघा."

तोही बघितला. बंद होता. टेकचंदभाईंनी वही पुढे-मागे चाळली, चष्मा काढला आणि म्हणाले, "दिवसा गिरतं ना? मग चोर पण दिवसाचा आहे, साईं."

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एक पेपर ऐन वेळी पुढे गेला आणि मी तीनच्या सुमारास घरी आलो. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. कव्हर बातम्या सांगत होतं.

जवळ गेलो. कोकणात मुसळधार पावसाची शक्यता आहे, असं कव्हर म्हणालं. मी चेन उघडली आणि काचेवर टिचकी मारली. काच दोन बोटं खाली आली.

"कोण?"

"महेंद्र."

"कॉलेज नाही?"

"पेपर पुढे गेला."

"हल्ली शिस्तच राहिली नाही," आण्णा म्हणाले.

पंखा दोनवर होता. आतला दिवा चालू होता. मांडीवर पेपर, चपला बाजूच्या सीटखाली नीट जोडून ठेवलेल्या. इग्निशनमध्ये दुसरी चावी होती. ती मार्चमध्ये हरवल्याचं जाहीर झालं होतं आणि तिच्यासाठी आम्ही चौघांनी कपाट हलवलं होतं. त्यातलं एक टोक आण्णांनी धरलं होतं.

"आण्णा, बॅटरी तुम्ही खाताय."

"खातोय म्हणजे? माझीच आहे."

"मी डायोड बदलला."

"तो बरा नव्हताच."

"तीन आठवड्यांनी विनीत येतोय. स्टार्ट नाही झाली तर गाडी जाईल. मग कुठे बसाल?"

त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. बंद केला नाही. समोर बघितलं. समोर कव्हर होतं.

"बाथरूमची कडी काढली तुमच्या सासूने," ते म्हणाले. "बेडरूमची पण. आतून लावायचं नाही. दहा-दहा मिनिटांनी, अहो, बरंय ना? पेपरचं पान उलटायला वेळ लागला की उठून येते, डोळ्यांपुढे हात हलवते. संडासात बसलो की बाहेर उभी राहून भाजीचं विचारते. कशाला, तर मी उत्तर देतो का ते बघायला. अठ्ठेचाळीस वर्षांत हिने मला एवढं कधी बोलायला लावलं नव्हतं." त्यांनी दारावरचं बटण दाबलं. चारी दारं खट्‌ करून बंद झाली. "हे एक आतून लागतं."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं. पाच महिन्यांचा राग तयार होता, वहीसकट. तो कुठे ठेवावा ते कळेना.

"आत आकडी आली तर?"

"तर येईल."

"ही काच दोन बोटं उघडी राहील. कायम."

"पाऊस आत येतो."

"येऊ दे."

मग मी कव्हर पुढून वर सारून बॉनेट उघडलं, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि बाजूला कापडात गुंडाळून ठेवली. रेडिओ वाक्याच्या मध्येच थांबला.

"राखीपर्यंत असंच," मी म्हणालो. "दिवा नाही, पंखा नाही, रेडिओ नाही."

"लॉक?"

"हाताने."

"मग चालेल."

तीन आठवडे ते मुक्या गाडीत बसले. मीटर बारा पूर्णांक तीनवरून हलला नाही. पॅनल नको, सूर्य नको, चेअरमन नको. एक पाना लागत होता. मी टेकचंदभाईंना विचारलं, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? "सांगितलं असतं तर केलं असतं?" ते म्हणाले. "प्रोफेसर लोकांना काहीतरी यंत्र पाहिजे असतं, साईं."

राखीच्या दिवशी सकाळी मी वायर पुन्हा जोडली. किर्तीने विनीतला राखी बांधली, आणि पेढा तोंडात असतानाच तो म्हणाला, चला खाली. सगळे खाली उतरलो. मी कव्हर काढलं. चावी विनीतने फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"मानलं, भावोजी," विनीत म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हे मला कबूल केलं पाहिजे. मग उतरला आणि दार धरून उभा राहिला. "सहा महिने झाले, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. आण्णा, बसा. स्टेशनपर्यंत एक राउंड."

आण्णा बसले. पट्टा लावला. आरसा नीट केला, मग पुन्हा नीट केला. क्लच दाबून पहिला गिअर टाकला. गेट उघडून ठेवलेलं होतं. हॅन्डब्रेकवर हात गेला आणि तिथेच राहिला. इंजिन चालू होतं. आम्ही चौघे उभे होतो. मिनिटभराने त्यांनी गिअर काढला आणि चावी फिरवून गाडी बंद केली.

"टायरमध्ये हवा कमी आहे."

विनीतने वाकून चारी टायर दाबून बघितले. "हवा आहे, आण्णा."

"आज नको."

विनीत आवाज खाली आणून म्हणाला, "भीती वाटतेय तर काही हरकत नाही. पण मग विकू या ना. नुसती उभी ठेवून काय करणार?"

आण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"राहू दे गाडी," मी म्हणालो.

"कशाला पण?"

पंचवीस वर्षं मी पन्नास मिनिटं न थांबता बोलायचे पैसे घेतो. मी वाकून पुढचा टायर पुन्हा दाबून बघितला.

"राहील," भागीरथीबाई म्हणाल्या.

"अगं आई, चालवायची नसेल तर..."

"चालवायची नाहीच. बसतात ते त्यात. जूनपासून. अडीच ते चार. मी वरून खिडकीतून बघत असते. कव्हर हललं की कळतं, बरे आहेत. नाही हललं तर अर्धा जिना उतरून येते, रेडिओ ऐकते आणि परत जाते. गेले तीन आठवडे रेडिओ पण नव्हता. मला किती वेळा उतरावं लागलं, विचारा."

हे शेवटचं माझ्याकडे बघून.

किर्ती माझ्याकडे बघत होती. विनीत आईकडे बघत होता. आण्णांनी कोणाकडेच बघितलं नाही. त्यांनी दार ओढून घेतलं, काच दोन बोटं ठेवून वर केली, आणि चारी दारं खट्‌ करून बंद झाली. थोड्या वेळाने आतून रेडिओ लागला.

विनीतने खिशातून फोन काढला आणि त्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगितलं. मग तो आणि किर्ती जिन्याकडे गेले. मी कव्हराची घडी घालत होतो, तेवढ्यात भागीरथीबाई जवळ आल्या.

"महेंद्रराव, बॅटरीचं तेवढं बघत जा हां."

"हो, आई."

"पण रेडिओपुरतीच भरा. स्टार्ट होईल एवढी नको. उगाच कधी त्यांना धीर आला तर?"

मी कव्हर खाली ठेवलं आणि खिशातून मीटर काढला. "म्हणजे किती व्होल्ट ठेवू?"

"ते तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "एवढी वही लिहिलीत ना?"