काट्यावरचा फोन

अंथुर्ण्याच्या माळावर साखर कारखाना उभा राहिला, पण मालकाशी बोलायची रीत जुनीच राहिली. मालक आप्पासाहेब दोन हात अंतरावर उभे असले तरी कामावरच्या बायांनी बोलायचं ते मुकादम हिंदुरावाकडे तोंड करून. मग त्यानं ते मालकांना सांगायचं. ऐकू सगळ्यांनाच जायचं, पण रीत ती रीत! आणि मालक तरी कचेरी सोडून कितीदा बाहेर यायचे?

कुशाबाई सांडलेला ऊस गोळा करायची. तिची तान्ही म्हाळसा वजनकाट्याजवळच्या कडुलिंबाला बांधलेल्या झोळीत निजायची. माळावर दुसरं झाड नव्हतं, म्हणून बाकी बायांच्या झोळ्याही तिथंच, आणि उसाच्या गाड्या नेमक्या त्याच लिंबाखालून जायच्या.

"गाड्या पलीकडनं वळवा म्हनावं मालकास्नी," असं तिनं हिंदुरावाला कितीदा विनवलं.

तो मिशीवर हात फिरवायचा. "सांगितलंय. मालक बघतो म्हनलेत."

मालकांचं बघणं काही संपेना.

त्या दुपारी एक बैल बुजला आणि गाडीचं चाक म्हाळसाच्या झोळीला घासून गेलं. पोर रडली, तेव्हा कुठं कुशाबाईच्या जिवात जीव आला. हिंदुराव जेवायला गेलेला. काट्यावरचा कारकून बैल धरायला धावलेला. काट्याच्या खोपटात फोन तेवढा होता, आणि त्याची तार थेट मालकांच्या खोलीत जाते हे तिला ठाऊक होतं. लेकीला कडेवर घेऊन ती आत शिरली. कारकून फिरवायचा तशी दांडी फिरवली आणि ते काळं, जड नळकांडं कानाला लावलं.

"बोला," आप्पासाहेब म्हणाले.

एवढा मोठा माणूस, आणि अगदी कानात! कुशाबाईनं पदर पुढं ओढला. सवयीनं हिंदुरावासाठी बाजूला बघितलं, तर तिथं नुसती भिंत.

"मी कुशा, उसावरची. मालक, गाड्या लिंबाखालनं नगा आणू. आमची पोरं हाइत तितं झोळीत. आत्ता माजी लेक चाकाखाली जात हुती."

गेली आपली रोजी, तिला वाटलं.

"झाडाला पोरं असतात? मला कुणी सांगितलंच नाही."

"हिंदुराव म्हनलं, सांगितलंय."

"नाही, बाई. कारकुनाला बोलवा."

कारकुनानं फोन ऐकला आणि हात हलवत धावला. पहिली गाडी थबकली, वळली. तिच्यामागं सगळी रांग, बैल, घुंगरं, डोंगराएवढा ऊस, सगळं पलीकडं वळलं. कुशाबाई आ वासून बघत राहिली. हे आपल्या बोलण्यानं झालं? तिचा विश्वास बसेना.

दिवस कलताना आप्पासाहेब स्वतः लिंबाखाली आले. तोंड पाडून हिंदुराव मध्ये येऊन उभा राहिला. मालकही सवयीनं त्यालाच म्हणाले, "विचारा तिला, आता ठीक आहे का."

"कुशे, मालक इचारत्यात..."

"ऐकलं मी," कुशाबाई म्हणाली. "ठीक हाय, मालक."

हिंदुरावाला काय करावं कळेना. आप्पासाहेब त्याला वळसा घालून पुढं आले.

"लेकीचं नाव काय?"

"म्हाळसा," ती म्हणाली. या वेळी तिच्या हातात फोनही नव्हता.