चिंधी बांधलेला दुधी

मित्रांनो, मी चहापत्तीचा एक जुना डबा आहे. चहा माझ्यात जेमतेम दोन महिने होता. पुढची तीस वर्षं मी दुध्याचं बी सांभाळलं. माझं झाकण इतकं घट्ट आहे की ते उघडायला चमचा लागतो. म्हणूनच आत्याने मला निवडलं. "याच्यात ओल शिरायची नाही," असं ती म्हणाली, तेव्हा मी फार फुशारलो होतो.

हा दुधी आत्याच्या आईकडून आलेला. दुसऱ्या कुणाकडे तसला नव्हता. घरामागच्या कुंपणावर आत्या वेल चढवायची आणि सगळ्यांत चांगल्या फळाला लाल चिंधी बांधायची. मग घरात भाजीला काही नसलं तरी त्या फळाला कुणी हात लावायचा नाही. वेल वाळायचा, देठ सुकायचा, साल लाकडासारखी व्हायची.

"आत्या, आता तोडू?" तिची भाची लहानपणी सारखी विचारायची.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! कानाशी धरून हलव. आत खुळखुळलं तरच तोड."

मग बी माझ्यात यायचं, तपकिरी आणि टणक. मला कुणी उचललं की मी ऐटीत खणखणायचो.

गेल्या वर्षी पहिली पेरणी कुजली. आत्याने माझ्या तळाचं शेवटचं बीही पेरलं. त्यातून एकच वेल जगला. त्यावरच्या एका फळाला चिंधी बांधली आणि चार दिवसांनी आत्या न्हाणीघरात घसरून पडली. खुबा मोडला, अंथरूण धरलं. भाची आता मोठी झाली होती, तीच नोकरीतून रजा काढून सेवेला आली.

"तेवढा दुधी सांभाळ गं," आत्याने तिला बजावलं.

भाचीने जिवापाड सांभाळला. पण एका सकाळी कुंपण मोडलेलं दिसलं आणि वेलावरचे दोन दुधी गायब होते. ती घाबरली. चिंधीवाला दुधी तिने त्याच दिवशी कापून घरात आणला. तो अजून हिरवा होता, नख सहज रुतत होतं. आतलं पांढरं, मऊ बी तिने आठ दिवस कागदावर वाळवलं आणि माझ्यात भरलं. बी वाळलं म्हणजे पिकलं, असं तिला वाटलं. मला मात्र पहिल्या मुठीतच कळलं. त्या बियांना वजनच नव्हतं.

आत्याने मला मागवून घेतलं आणि कानाशी धरून हलवलं. मी खणखणलो नाही. सुक्या पाल्यासारखा नुसता सळसळलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"चोरीला जाईल म्हणून लवकर काढला. बरोबर केलं ना गं?" भाचीने विचारलं.

आत्याने मला पोटाशी धरलं. मग म्हणाली, "छान केलंस. वेळेवर पेर."

महिन्याभरात आत्या गेली. भाचीने सगळं बी कुंड्यांमध्ये पेरलं. त्याला आता चाळीस दिवस झाले. "अजून आठवडाभर बघते," असं ती दर रविवारी म्हणते आणि पाणी घालते.

मित्रांनो, बियाण्याचं फळ वेलावरच पिकू द्या. कोवळं बी कितीही वाळवलं तरी त्यात जीव येत नाही. आणि जमलं तर भाचीला कुणीतरी हे सांगा. आत्याच्याने सांगवलं नाही, आणि मी तर आता रिकामा आहे. मला हलवलं तरी आवाज येत नाही.