तुरीच्या थप्पीमागे

बघायच्या कार्यक्रमात मुला-मुलीला "जरा बोलून घ्या" म्हणतात आणि बाकीचे सगळे कान टवकारून बसतात. ईश्वरप्पांच्या घरात पाहुण्यांनी खोल्या भरलेल्या, म्हणून त्यांनी लेकीला, वर्षाराणीला, आणि उदगीरहून आलेल्या संगमेश्वरला मागच्या गोदामात धाडलं. दार उघडं, आणि दाराशीच दोन्हीकडची वडीलधारी मंडळी चहा घेत बसलेली. काय बोलणार, कपाळ!

वर्षाराणी लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. लग्नानंतरही तिला तेच करायचं होतं, आणि कुणी मध्ये नाक खुपसायच्या आत त्याला ते विचारायचं होतं. पण गोदाम निम्मं रिकामं. संगमेश्वर नुसता खाकरला, तर वरचे पत्रेही त्याच्यामागून खाकरत राहिले. बाहेर कुणीतरी हसलं.

"इकडं या," म्हणत ती त्याला तुरीच्या पोत्यांच्या दोन थप्प्यांमधल्या बोळात घेऊन गेली. "आता बोला. बाहेर काही जात न्हाई."

"ते कसं काय?"

झालं, बाईंचा तास सुरू झाला. "पोत्यात दाणे हायत, दाण्यांमधी फटी. आवाज एका दाण्यावर आपटला की चहूकडं फुटतो. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. जो तो त्याला भलतीकडंच धाडतो. शेवटी भरकटून आतच जिरतो."

"म्हंजे आमच्या घरच्या बैठकीवानी," तो म्हणाला. "एकाला सांगावं, धा जणांत फिरून काहीच उरत न्हाई."

ती मोकळेपणी हसली. तिला तो आवडला, म्हणूनच पुढचं तिनं एका दमात विचारून टाकलं. "मी क्लास सोडणार न्हाई. लग्नानंतर आपण लातूरलाच राहायचं. चालंल?"

"हाव, चालंल की."

इतकं झटकन, की तिला शंका आली. इथं म्हणायला काय जातंय? उद्या नाकबूल केलं तर साक्षीला फक्त तूर.

"मग हेच तिकडं मोकळ्यात जाऊन म्हणा."

संगमेश्वरचा चेहरा उतरला. दाराशी त्याची आई, नीलम्मा अव्वा, बसली होती, आणि तिनं सुनेसाठी उदगीरच्या घरावर मजला चढवला होता. तो चपलेनं जमीन उकरत राहिला. मग गेला, रिकाम्या जागेत मधोमध उभा राहिला आणि डोळे घट्ट मिटले.

"लग्नानंतर मी लातूरला राहणार!"

भिंतींनी आणि पत्र्यांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं. बाहेर कपबशांचा आवाज थांबला.

"काय म्हणालास रे?" नीलम्मानं विचारलं.

वर्षाराणी थप्पीला टेकून उभी होती. त्यानं एकदा वळून तिच्याकडं पाहिलं आणि थेट दारापर्यंत चालत गेला.

"लातूरला राहणार, अव्वा," तो म्हणाला, या वेळी तिच्या डोळ्यांत बघून.