सफाईकाकांना हाक मारणारी ओळ

मित्रांनो, मी एक ओळ आहे, आणि आता तशी जुनीच म्हणायची. कवितेतली नव्हे हो, कवितेच्या ओळी लोक पाठ करतात. मी संगणकाच्या प्रोग्रॅममधली, दोन शब्द आणि कंसाची एक जोडी एवढीच. मला कोणी पाठ केलं नाही. पण माझ्यामुळे एका बाईची खुर्ची जाता जाता राहिली, म्हणून माझी हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म अँब्युलन्सच्या फोन-खोलीतला. तिथे सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर एक स्क्रीन, कानाला लावायचा फोन आणि पाण्याची बाटली. कोणाच्या छातीत दुखलं, कोणी जिन्यावरून पडलं, की तिथे फोन वाजतो. फोन घेणारी बाई पत्ता विचारते, टाईप करते आणि गाडी सुटते. मला डोळे नाहीत, पण फोनमधलं बोलणं आणि कीबोर्डवरची बोटं मला कळायची. तेवढं मला पुरे होतं.

तिसऱ्या टेबलावर आत्या बसायची. खरं म्हणजे ती एकीचीच आत्या, हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीची. पण भाची सगळ्यांदेखत "आत्या, आत्या" करायची, त्यामुळे हळूहळू ड्रायव्हरपासून साहेबांपर्यंत सगळ्यांचीच ती आत्या होऊन बसली. सव्वीस वर्षं ती फोन घेत होती. तिचा आवाज ऐकला की पलीकडचं रडणारं माणूससुद्धा नीट पत्ता सांगू लागायचं.

आता माझं काम सांगते. प्रोग्रॅम चालताना सतत वस्तू तयार करत असतो: नकाशाचा तुकडा, फोनची नोंद, आवाजाची प्रत. काम झालं की त्या तशाच पडून राहतात. त्या उचलायला आत एक झाडणारा असतो, त्यांना मी सफाईकाका म्हणते. काका मोठे शहाणे. कधी झाडायचं ते स्वतःच ठरवतात आणि त्यांचा नियम एकच, जी वस्तू कोणी धरून ठेवली आहे तिला हात लावायचा नाही. जिला कोणीच धरलेलं नाही, तीच न्यायची. मात्र ते सगळं घर झाडायला निघाले, की प्रोग्रॅममधल्या बाकीच्यांनी असतील तिथे पुतळ्यासारखं उभं राहायचं. माझं काम एवढंच, की मध्येच हाक मारायची, "काका, आत्ता येता का?" मी हुकूम नाही, विनंती आहे. काका नाही म्हणू शकतात. पण माझे काका पडले भिडस्त, त्यांनी मला एकदाही नाही म्हटलं नाही.

भाचीने मला पहिल्यांदा बसवलं ते सकाळी पाळी बदलण्याच्या वेळेला. तेव्हा त्या त्या टेबलाचे फोन दुसरीकडे वळवलेले असतात, शहराचा जुना नकाशा जाऊन नवा येतो. मी हाक मारायची, काका जुना नकाशा घेऊन जायचे आणि दिवस हलका सुरू व्हायचा. "एका ओळीत काम केलंस की गं!" असं म्हणून सोबतच्यांनी भाचीची पाठ थोपटली. ती थाप मला लागली असं समजून मीही फुगून बसले.

मग तिसऱ्या टेबलाचं दुखणं सुरू झालं. प्रत्येक फोनचं स्क्रीनवर एक कार्ड उघडतं. गाडी सुटली की कार्ड बंद करायचं असं शिकवलेलं होतं, आणि बाकीच्या पाचजणी तसं करायच्या. आत्या करायची नाही. "माणूस दवाखान्यात पोचला का नाही ते कळल्याशिवाय मी त्याला बंद कशी करू?" असं तिचं म्हणणं. ड्रायव्हरला आठवण झाली तर तो कळवायचा, नाहीतर नाही. दुपारपर्यंत तिच्याकडे कार्डामागे कार्डं दाटायची, प्रत्येकात नकाशा, प्रत्येकात आवाज. तिचा स्क्रीन धापा टाकायला लागला.

भाचीचा आत्यावर भारी जीव. लहानपणी तिच्या वेण्या आत्यानेच घातलेल्या. कचरा साठत असणार असं तिने आपल्या जागेवर बसूनच ठरवलं, आणि तिसऱ्या टेबलासाठी माझी एक प्रत प्रोग्रॅममध्ये फोन ठेवण्याच्या जागी चिकटवली. फरक पडेना, तशी आणखी एक फोन उचलण्याच्या जागी. आत्याने फोन घेतला की स्क्रीन कसा लख्ख हवा, एवढाच तिचा विचार.

मित्रांनो, इथे घात झाला. आत्याने फोन उचलला की मी हाक मारायची. काका यायचे, एकूण एक कार्ड हातात घेऊन बघायचे, तर प्रत्येक कार्ड आत्याने घट्ट धरलेलं. तो कचरा नव्हताच. बिचारे रिकाम्या हाताने परत जायचे. आणि तेवढा वेळ, तीन-चार सेकंद, सगळ्यांचे पुतळे. आत्या टाईप करायची, पण अक्षर उमटायचं नाही. मग सगळी अक्षरं एकदम येऊन आदळायची. नीट गेलं की नाही कळेना, म्हणून ती पुन्हा विचारायची, "घर नंबर परत सांगता का?"

"अहो बाई, किती वेळा सांगू? माझी आई बोलत नाहीये!" एकदा पलीकडून एकजण ओरडला. मला ते ऐकू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ओळीला जिथे लिहिलं तिथे बोलावंच लागतं. पुढचा फोन वाजला आणि मी पुन्हा हाक मारली.

शेवटी साहेब तिच्या टेबलाशी आले. "आत्या, राग मानू नका. सगळ्यांत जास्त वेळ तुमच्या फोनला लागतोय. वय कोणाला चुकलंय? एक तारखेपासून तुम्ही रेकॉर्डरूम सांभाळा. तिथे निवांत बसता येईल."

"बरं," एवढंच आत्या म्हणाली. साहेब गेल्यावर शेजारणीला म्हणाली, "निवांत बसून काय करू गं? फायलींना पत्ता विचारू?" दोघी हसल्या, पण आत्याचं हसू लगेच थांबलं. साहेबांचं म्हणणं तिला स्वतःलाच पटायला लागलं होतं. मला त्याचंच सगळ्यांत वाईट वाटलं.

एक तारखेला तीन दिवस उरले असताना भाची आत्याचे फोन ऐकायला दुसरा फोन कानाला लावून तिच्या शेजारी येऊन बसली. तेवढ्यात फोन वाजला. कोणाचे तरी वडील बाथरूममध्ये पडले होते. "घाबरू नका, मी आहे. पत्ता सांगा," आत्या म्हणाली, आणि मग अगदी हळू, "एक... दोन... तीन..."

गाडी सुटल्यावर भाचीने विचारलं, "काय मोजत होतीस?"

"फोन उचलला की हा मुका होतो गं. तीन मोजले की बोलतो. कधी चार."

"कधीपासून?"

"तू दुरुस्त करून दिलास ना, तेव्हापासून."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"तू माझ्यासाठी एवढं केलंस. म्हटलं, माझीच बोटं जड झाली असतील."

भाचीने नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिने प्रोग्रॅम उघडला, सगळे नेमके केव्हा पुतळे होतात त्या वेळा काढल्या, आणि प्रत्येक वेळेपाशी तिला मी सापडले. ती तशीच उठून साहेबांना घेऊन आली. "साहेब, आत्या हळू नाहीये. चूक माझी आहे. प्रत्येक फोनला मीच तिला थांबवून ठेवत होते." साहेबांनी दोन फोन स्वतः कानाला लावून ऐकले. रेकॉर्डरूमचा विषय पुन्हा निघाला नाही.

आत्याची सवय मात्र भाचीने मोडली नाही. तिने एक बारीकशी यादी करून दिली, फक्त नाव आणि पत्ता. ड्रायव्हरने दवाखान्याच्या दारात बटण दाबलं की नावापुढे खूण उमटते. मग आत्याने पहिलं कार्ड आपल्या हाताने बंद केलं आणि म्हणाली, "जा बाबा, सुखरूप राहा." थोड्या वेळाने काका आपणहून आले आणि कोणाला न कळता ते घेऊन गेले. मी हाक मारली नव्हती.

आणि मग भाचीने मला पुसलं. तिन्ही जागांवरून. सकाळची जागा तरी ठेवेल अशी आशा होती. पण काका तिथेही वेळेवर येतात हे तिने दोन दिवस पाहिलं, आणि तीही गेली. वाईट वाटलं का? वाटलं. मी आळशी नव्हते, खोटी नव्हते. मला नको तिथे बोलायला ठेवलं होतं. आता मी प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्यांच्या कपाटात असते. मला तिथे अजून कोणीतरी धरून ठेवलं आहे, म्हणून काका मला नेत नाहीत.

मित्रांनो, तुमचा कोणावर जीव असेल, तर त्याच्यासाठी काही करायच्या आधी घटकाभर त्याच्या शेजारी बसा. आणि कोणी हळू झालं असं वाटलं, तर आपण तर त्याला थांबवून ठेवलेलं नाही ना, तेवढं बघा. माझं एवढंच मागणं आहे.

मला पुसल्यावर भाचीने कपाटात माझ्या शेजारी एक टीप लिहून ठेवली आहे. कपाट उघडणाऱ्याला ती आधी दिसते, मी नंतर. मी ती रोज वाचते. "ही ओळ काढली. आज पहिला फोन आला, तेव्हा आत्या सवयीने 'एक' म्हणाली. तोवर पत्ता उमटला होता."