आप्पांचा हात

दोन्ही हात वर नेता नेता योगिनीचा डावा हात खांद्याच्या उंचीवरच अडला. तिनं चेहरा हलू दिला नाही. उजवा पूर्ण वर नेला, डावा होता तिथंच ठेवला आणि समोर बसलेल्या कामगारांना म्हणाली, "श्वास सोडत हात खाली."

चाकणच्या एका कंपनीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये पहिली शिफ्ट सुटल्यावर भरणारा हा वर्ग. माणसं दमलेली, सतरंज्या अपुऱ्या, बाहेर फोर्कलिफ्टचा पी-पी आवाज. तरी वर्ग कधी ओस पडला नव्हता. दुसऱ्या वेळी हात वर गेले तेव्हा योगिनीनं पाहिलं, पुढच्या दोन रांगांनी डावा हात अर्ध्यावरच ठेवला होता. तिसऱ्या वेळी मागच्यांनीही ठेवला. चुकतंय असं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

वर्ग सुटल्यावर सतरंज्यांच्या घड्या घालता घालता समाधान जवळ आला. बीडकडचा, फिटर म्हणून लागलेला, श्वासमार्ग परिवारातला जुना माणूस.

"ताई, हे अर्ध्या हाताचं नवीन काढलंत का? छातीत लई मोकळं वाटलं बघा."

"नवीन कसलं. खांदा धरलाय माझा."

"कोणता, डावा?" त्याच्या हातातली सतरंजी तशीच राहिली. "आप्पांचा हात असायचा तोच ना? मग दुखणारच की, ताई. एवढी मोठी गोष्ट अंगावर आली."

काहीतरीच बोलतोस, असं म्हणायला हवं होतं. पण योगिनीला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की स्कूटी चालू करताना खांद्यातून कळ गेली तेव्हाही ती मनातल्या मनात हसली.

आप्पा म्हणजे ज्योतीराम. राजगुरुनगरजवळच्या एका खेड्यातून पिंपरीला आले, एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला लागले. कंपनीला टाळं लागलं तेव्हा गेटसमोर बसून राहणाऱ्या कामगारांना, डोकी शांत राहावीत म्हणून, त्यांनी श्वासाचे प्रकार शिकवायला सुरुवात केली. त्यातून श्वासमार्ग परिवार उभा राहिला. आता चिंचवड गावठाणात दोन मजली केंद्र होतं, ठिकठिकाणी शाखा होत्या आणि मोबाईलवर सकाळचा वर्ग होता. वर्गाच्या शेवटी सगळे डोळे मिटून वज्रासनात बसत. आप्पा रांगांमधून फिरत आणि जाता जाता कुणा एकाच्या खांद्यावर हात ठेवत. परिवारात याला 'हात मिळाला' असं म्हणत. ज्याला मिळेल तो घरी जाऊन आधी देवापुढे दिवा लावी आणि मग नातेवाइकांना फोन करी.

आधी हा हात कुणालाही मिळायचा. शेवटच्या वर्षात मात्र तो रोज योगिनीच्याच डाव्या खांद्यावर यायचा, आणि बराच वेळ राहायचा. जड असायचा. ती हलायची नाही. तिची बँकेतली नोकरी गेली होती, लग्न होता होता राहिलं होतं, आईवडील लातूरला भावाकडे राहायला गेले होते. ह्या शहरात तिला हात धरून कुणी कुठं बसवलं असेल तर ते आप्पांनी. डोळे मिटून ती तो भार घ्यायची आणि तिला वाटायचं, आपल्याला निवडलंय. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला निवडलंय.

दिवाळीनंतर आप्पा झोपेतच गेले. मागे काही लिहून ठेवलं नव्हतं. महिन्याभरात परिवारात दोन तट पडले. एक म्हणत होता, हात ज्याला, आसन त्याला. दुसरा म्हणत होता, पोटचा मुलगा असताना बाहेरचं माणूस कशाला? गणराज, आप्पांचा एकुलता एक, मोबाईलवरचा वर्ग त्यानंच उभा केला होता. शेवटी ट्रस्टचे अध्यक्ष अर्जुनराव यांनी तोडगा काढला. रविवारी सभा घ्यायची, आप्पांच्या पत्नीनं, मंजुळाबाईंनी उभं राहून आप्पांच्या मनात काय होतं ते सांगायचं, आणि दोघांनी ते मानायचं.

उद्या रविवार होता. तळेगाव चौकातल्या ट्रकांच्या रांगेत योगिनी अडकली, धूर खात उभी राहिली, आणि उद्या मंजुळाबाई काय म्हणतील याची तिनं निदान पाच-सहा वाक्यं तयार केली. एकही पटेना. सिग्नल सुटल्यावर तिनं घरचा रस्ता सोडून सरळ चिंचवड गाठलं.

मंजुळाबाई केंद्राच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. दार उघडंच होतं. त्या गवार मोडत बसल्या होत्या.

"आलीस? बस. च्या टाकू?"

"नको, आई." परिवारातले सगळे त्यांना आईच म्हणत. "सहज आले."

कुणी सहज येत नव्हतं आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. योगिनी पर्स काढायला गेली आणि खांदा धरून बसली. मंजुळाबाईंनी गवार बाजूला सारली. काही न विचारता आत गेल्या, तव्यावर फडकं गरम करून आणलं, ब्लाऊजची बाही सरकवून खांद्यावर ठेवलं.

"हाडातच उतरलंय की गं हे. किती दिवसाचं?"

"आप्पा गेल्यापासून जास्त जाणवतंय." योगिनीच्या आवाजात नकळत थोडा अभिमान आला. "डॉक्टर म्हणतात, सतत ओझं आल्यासारखा झिजलाय. त्यांना काय सांगणार, कसलं ओझं ते."

फडकं खांद्यावरच थांबलं.

"मी म्हनायचे त्यास्नी," मंजुळाबाई म्हणाल्या, "पोरीला तरास हुईल. काठी घ्या म्हनायचे. आयकतील तर ना."

"काठी?"

मंजुळाबाईंनी जीभ चावली. पण बोलून गेलं होतं. त्यांनी फडक्याची घडी उलटली, परत सुलटी केली.

"तोल जायचा त्यांचा. मेंदूचं कायतरी व्हतं. पिंपरीच्या दवाखान्यात दोगंच जाऊन आलो, कुनाला सांगितलं न्हाई. म्हनले, योग शिकवनारा मानूस रांगंत पडला तर लोकं काय म्हनतील? मंग रांगंतनं जाताना मधी कुनाचा तरी खांदा लागायचा. बाकीची पोरं हात पडला की हलायची, डोळं उघडायची. तू हलायची न्हाईस. मला म्हनायचे, मंजुळे, योगिनी खांबावानी बसती."

योगिनीनं बाही वर ओढली. खोलीत एकाएकी गरम व्हायला लागलं होतं. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. खांबासारखी. बरोबर. खांबाला कोण निवडतं? मधे येतो, म्हणून माणूस धरतो.

"गणराजला माहिताय?"

"न्हाई. त्याला तर मुळीच सांगू नगं म्हनले. त्यो घरी बसवील म्हनले. म्हनून त्याच्या खांद्याला हात लावायचे न्हाईत. लहानपनापासनं ओळखतो त्यो, वजन पडलं की समजला असता." त्यांनी योगिनीचा हात धरला. "तू बी नगं सांगू. आता समजलं तर म्हनंल, आईनं माज्यापासनं लपवलं. माजं तोंड बघायचा न्हाई. मी उद्या एवढंच सांगनार, हात योगिनीच्या खांद्यावर असायचा. खोटं न्हाई त्यात. आसन तुलाच मिळंल. आन् तू त्या लायकीची हायस."

योगिनी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? हवं होतं तेच तर मिळत होतं.

जिन्यात गणराज भेटला. हातात माईकची पेटी, अंगात आप्पांसारखाच बिनइस्त्रीचा सदरा. तो बाजूला झाला, ती उतरू लागली, तेवढ्यात तो म्हणाला,

"ताई, उद्या जे व्हायचं ते होऊ दे. माझं तुमच्याशी भांडण नाही."

"माझंही नाही."

"एकच विचारायचं होतं. तुम्ही त्यांच्या जवळ होतात." त्यानं पेटी या हातातून त्या हातात घेतली. "वर्षभर मी पहिल्या रांगेत बसलो. मुद्दाम. एकदा तरी ठेवतील म्हणून. माझ्याजवळ आले की अंग चोरून पुढे जायचे. मी असं काय केलं होतं, काही बोलले का तुमच्याशी?"

"नाही," योगिनी म्हणाली. "काही नाही बोलले."

"ठीक आहे," असं म्हणून तो वर गेला.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. कूस बदलली की खांदा दुखायचा आणि उताणं झालं की गणराजचं वाक्य आठवायचं. पहाटे तिनं स्वतःला चांगलं खडसावलं. आपण काही चोरलेलं नाही. आप्पांचं गुपित आप्पांनी ठेवलं, आईंनी ठेवलं, आपण कोण उघड करणार? शिवाय काम कुणी केलंय? पावसात, उन्हात चाकणपर्यंत कोण जातं? हे सगळं खरं होतं. तरीही साडी नेसताना निऱ्या तीनदा सुटल्या.

सभेला हॉल गच्च भरला. जिन्यातही माणसं उभी होती. पुढे आप्पांचं घोंगडीचं आसन, त्यावर कुणी बसलेलं नाही, आणि शेजारी खुर्चीत मंजुळाबाई. अर्जुनराव निवृत्त फोरमन. कारखान्यात ओरडून ओरडून कमावलेला त्यांचा आवाज माईकशिवायही मागपर्यंत गेला असता, तरी माईक त्यांनी तोंडाला लावूनच धरला. त्यांनी आप्पांचं स्मरण केलं, शिस्तीबद्दल बोलले आणि माईक मंजुळाबाईंकडे दिला.

मंजुळाबाईंनी पदर सारखा केला. "शेवटच्या वर्सात त्यांचा हात योगिनीच्या खांद्यावर असायचा. मला एवढंच म्हाईत हाय," असं म्हणून त्यांनी माईक लगेच परत दिला.

एका बाजूनं टाळ्या सुरू झाल्या. योगिनीनं आसनाकडे पाहिलं नाही. तिनं गणराजकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, आपल्याला नापास केलंय हे आधीच ठाऊक असलेल्या मुलासारखी, आणि खाली वाकून केबल गुंडाळायला घेतली. नीट, एकसारखे वेढे घालत. ते वेढे तिला बघवेनात.

ती उठली. माईक घ्यायचंही भान राहिलं नाही.

"थांबा. आई बोलल्या ते खरंय, पण पूर्ण नाही. आप्पांनी मला निवडलं नव्हतं." टाळ्या विरळ झाल्या. "आप्पा आजारी होते. त्यांचा तोल जात होता. चालताना आधार लागायचा म्हणून ते माझ्या खांद्यावर टेकायचे. त्यात दुसरं काही नव्हतं. मला आसनाचा हक्क नाही."

हॉलमध्ये कुणी खोकलं. योगिनीला वाटलं, संपलं. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. आता हे सगळे चिडतील, मग उठून जातील, आणि उद्यापासून चाकणला दुसरं कुणीतरी जाईल.

अर्जुनरावांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"ऐकलंत?" त्यांचा आवाज भरून आला होता. "मंडळी, ऐकलंत का? मला आसनाचा हक्क नाही म्हणते ही पोरगी! आप्पा आपल्या सगळ्यांच्या खांद्याला नुसता हात लावायचे. पण स्वतःचा भार, अख्खा भार, त्यांनी एकीवर टाकला. आणि तिनं तो पेलला! खांदा धरलाय तिचा, समाधाननं सांगितलं मला, पण हूं की चूं केलं नाही. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

"तसं नाही, काका," योगिनी म्हणाली. "त्यांना खरंच चालता येत नव्हतं."

पण माईक अर्जुनरावांच्या हातात होता. टाळ्या आता दोन्ही बाजूंनी सुरू झाल्या होत्या. गणराजच्या बाजूचे सुद्धा उठून उभे राहिले होते. समाधान मागून ओरडला, "मी म्हणलं नव्हतं का!" दोन बायकांनी योगिनीला दोन्ही दंडांना धरलं आणि आसनाकडे नेलं. डाव्या दंडाला धरणारीनं लगेच हात काढून घेतला आणि तो स्वतःच्या कपाळाला लावला. योगिनी नको नको म्हणत होती, आणि जितकं म्हणत होती तितके लोक आणखी वाकत होते. तिला बसवण्यात आलं. तिच्या गळ्यात हार पडला.

हाराच्या फुलांवरून तिला फक्त शेजारची खुर्ची दिसत होती. गणराज गर्दीतून वाट काढत तिथं आला होता. सगळ्या हॉलमध्ये तो एकटाच टाळ्या वाजवत नव्हता. तो आईपुढे गुडघ्यांवर बसला.

"आई, आप्पांचा तोल जात होता?"

मंजुळाबाईंनी आधी योगिनीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कधीपासून?"

"तू त्यास्नी बूट आणलेलेस बघ, तवापासनं," मंजुळाबाई म्हणाल्या. "आन् यात चालता येत न्हाई म्हनून त्यांनी तुज्या अंगावर टाकले." त्यांनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. "बूट चांगले व्हते रे, गणू."